यादी म्हणजे वावर नव्हे

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. राजकीय पक्ष वॉर्डांतून नाहीसे झाले, असे मी लिहिले होते. बूथ समित्या आणि मतदार यादीच्या पानापानासाठी नेमलेले पन्नाप्रमुख पाहता पक्ष आज कधी नव्हे इतके तळाशी पोहोचले आहेत आणि मी मात्र लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्ट कामगार युनियनच्या, आठवणींत रमलो आहे, असे आपले म्हणणे आहे. ‘नाहीसे झाले’ हे शब्द मी मागे घेतो.

तथापि, पन्नाप्रमुखाने मतदाराला केंद्रापर्यंत आणायचे असते. मतदाराचे गाऱ्हाणे वर नेणे हे त्याचे काम मानलेच जात नाही. मार्च २०२२ मध्ये सोलापूर महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा आमच्या भागातील संपर्क कार्यालये एकेक करून बंद झाली. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतच होते आणि बूथ समित्याही कागदावर शाबूत होत्या. इंडोनेशियात तर सर्व प्रांतांत आणि तीन चतुर्थांश जिल्ह्यांत शाखा असल्याखेरीज पक्षाला निवडणूकच लढवता येत नाही. पण शाखेची पाटी लावणे आणि तिथे रोज कोणी बसणे यांत अंतर राहतेच.

आता लाल बावट्याविषयी. सोलापूरच्या तेलुगू भाषक कामगारवस्तीच्या पूर्व भागात बिडी कारखान्यात छाट जास्त काढली, म्हणजे चांगल्या बिड्याही खराब ठरवून मजुरी कापली, की बाई सूप बाजूला ठेवून तडक युनियनच्या कार्यालयात जाई आणि तिथला माणूस तिचे म्हणणे तेलुगूतच ऐकून घेई. वावर म्हणतो तो हा.

मात्र इथेच माझी खरी चूक आपल्या नजरेतून निसटली आहे. तीनदा आमदार झालेले लाल बावट्याचेच नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने सोलापूरजवळच्या कुंभारी गावात बिडी कामगार महिलांची सुमारे १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. तरी २००९ पासून प्रत्येक विधानसभा निवडणुकीत ते हरले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्याच पुढाकाराच्या रे नगर या कामगारांच्या दुसऱ्या वसाहतीतील १५,००० घरांचे हस्तांतरण पंतप्रधानांच्या हस्ते झाले आणि नोव्हेंबरमध्ये आडम पुन्हा पराभूत झाले. घरे शहराच्या हद्दीबाहेर आणि मतदारसंघ शहरात, हेही एक कारण असेल. पण भांडायला कोणाकडे जायचे आणि मत कोणाला द्यायचे, हे दोन हिशेब ती बाई वेगळे ठेवते, असे मला आता वाटते. वावर असला की मते मिळतात, हे माझे गृहीतक त्यामुळे टिकत नाही.

आपल्या बूथप्रमुखाकडे गेल्या वर्षभरात कोणी मतदार पाण्याची किंवा रेशनकार्डाची तक्रार घेऊन गेला असेल, तर ते अवश्य कळवावे.