पंप बंद, आणि तक्रार म्हणे निकाली!

आत्ताच मोबाइलवर मेसेज येऊन पडला. ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ कुणी काढली निकाली? कधी काढली? बांधावर माणूस फिरकला नाही, पंप चालू-बंद करणाऱ्या डब्याचं, कंट्रोलरचं, झाकण कुणी उघडलं नाही, सौर पंपातून थेंब पडत नाही आणि यांच्या कागदावर विषय संपला! डोकं सणकलंय नुसतं.

जालन्याकडं मोसंबी आहे आमची. एप्रिल चालू आहे, आंबे बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलोऱ्याची, फळं आत्ता कुठं लिंबाएवढी झालीत. या उन्हात ठिबक बंद पडलं की झाडाखाली फळांचा सडा पडतो, आणि गळालेलं फळ कुणी भरून देत नाही. वर्षाचं उत्पन्न गेलं म्हणजे गेलं. विहिरीत पाणी आहे. पॅनल सकाळी पुसून लख्ख केलेत. वर ऊन आग ओकतंय. आणि कंट्रोलरच्या पडद्यावर अक्षरं उमटतात, ‘ड्राय रन’. म्हणजे त्या डब्याच्या मते विहीर कोरडी! दोरीला दगड बांधून सोडला मी, मोटारीच्या वर पुरुषभर पाणी निघालं. मग सेन्सर गेला, केबल तुटली की मोटारच बसली, हे बघायला माणूस यावा लागतो ना? फोन केला की एकच उत्तर, ‘सर, बंद करून दहा मिनिटांनी चालू करा आणि फोटो व्हॉट्सॲपला टाका.’ फोटो टाकून टाकून थकलो. फोन उचलणाऱ्या पोरीवर राग नाही माझा, तिच्या हातात काहीच नाही. ज्यांच्या हातात आहे ते फोन उचलत नाहीत.

सगळ्यात चीड कशाची येते सांगू? त्या कंट्रोलरमध्ये सिमकार्ड आहे. केंद्राच्या सौर पंपांच्या कुसुम योजनेतल्या पंपांना ही दूरनिरीक्षण यंत्रणा सक्तीची आहे. पंप आज किती तास चालला, किती वीज तयार झाली, ही सगळी माहिती पंप बसवणाऱ्या कंपनीच्या पोर्टलवर जाते. म्हणजे माझा पंप बंद आहे हे त्यांना तिथं बसल्या बसल्या दिसतंय. मी तक्रार करायच्या आधीपासून दिसतंय. तरी पंधरवडा उलटला, कुणी येत नाही. मग ते सिम बसवलं कशाला?

बरं, आपणच दुरुस्त करावा तर तीही सोय नाही. गावात मोटार रिवाइंडिंग करणारा हुशार गडी आहे, पंचक्रोशीतल्या मोटारी तोच उभ्या करतो. त्यानं झाकणाला हात लावला की वॉरंटी गेली. आतलं सर्किटचं कार्ड तर बाजारात मिळतच नाही, ज्या कंपनीचं तिच्याकडंच. पाच वर्षांच्या देखभालीची हमी कागदावर आहे, म्हणून हात बांधलेले. आणि विजेची वाट तर आधीच बंद झालीय. कनेक्शनसाठी कोटेशन भरून बसलो होतो, त्याच अर्जावर सौर पंप मिळाला. आता विजेचा खांब मागायला गेलं की सांगतात, तुमच्या नावावर सौर आहे.

वर एखादा टेबलामागचा साहेब ऐकवतो, ‘किमतीच्या दहा टक्क्यांत पंप मिळालाय ना, मग थोडं सांभाळून घ्या.’ का सांभाळून घ्यायचं? ते दहा टक्के मी उसनवारी करून भरलेत. उरलेले नव्वद टक्के जनतेचे आहेत, ते बंद डब्यासाठी दिलेले नाहीत.

मी सौरच्या विरोधात नाही, हे नीट ऐका. पंप चालू होता तेव्हा दिवसा पाणी मिळायचं. रात्रपाळीच्या विजेसाठी अंधारात विहिरीवर जायचं, पायाखाली साप आहे की विंचू बघत दारं धरायचं, घरच्यांनी जागत बसायचं, ते सगळं सुटलं होतं. बिल नाही, फ्यूज नाही, डीपी जळायची भानगड नाही. आडातलं पाणी उन्हावर वर येतं यासारखी चांगली गोष्ट नाही. म्हणूनच जीव तुटतो.

2019 साली कुसुम आली, 2024 पासून राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ सुरू झालं. डिसेंबर 2025 मध्ये महिनाभरात पंचेचाळीस हजारांवर पंप बसवल्याचा गिनीज विक्रमही झाला. बसवलेत, चांगलं केलंत. त्यातले बंद किती आहेत? ती यादी तालुक्याला लावा की! गावागावांत विचारा, कुणाचे पॅनल वावटळीत उडालेत आणि विम्याच्या पंचनाम्यावर अडलेत, कुणाची केबल चोरीला गेलीय, कुणाला नुसते जमिनीचे एकर बघून तीन एचपीचा पंप दिलाय आणि त्याची विहीर इतकी खोल की वर पाणी येताना दम निघतो.

तालुक्याच्या गावाला दोन-चार जादा कंट्रोलर ठेवा. बिघडला की आधी बदलून द्या, दुरुस्ती मागाहून तुमच्या सवडीनं करा. आमच्याच पोरांना शिकवा आणि झाकण उघडायचा अधिकार द्या. पंप बंद राहिला त्या प्रत्येक दिवसाचा दंड कंपनीच्या बिलातून कापा, पोर्टलवर दिवस मोजलेलेच आहेत. आणि तक्रार बंद करायची असेल तर आधी शेतकऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी पाठवा. पाणी पडलं की तो ओटीपी मी स्वतः देईन. तोपर्यंत ‘निकाली’ हा मेसेज मला पाठवायचा नाही.