चमच्यातला काळा, त्या कमेंटला उत्तर

स्पष्ट लिहिलंत ते बरं केलंत. तुमचं म्हणणं असं की माझ्या पेन्सिलने काढलेल्या चित्रातला चमचा चांदीचा न वाटता काळा पडलेला वाटतोय, अख्खा हलक्या राखाडीत ठेवायला हवा होता, आणि एवढा फोटोसारखाच काढायचा तर सरळ फोटोच का नाही टाकला.

राखाडीचं मला अजिबात पटलेलं नाही. पॉलिश केलेल्या चांदीला स्वतःचा असा रंग जवळजवळ नसतोच हो, पडलेल्या उजेडातला ९० टक्क्यांहून जास्त ती परत फेकते, म्हणजे चमच्यात दिसते ती समोरची खिडकी, टेबलाची कड आणि काढणाऱ्याचं डोकं. खोलगट बाजूत खिडकी उलटी, पाठीवर सुलटी. हे सगळं एकाच राखाडीत घोटलं की चांदी जाते आणि प्लॅस्टिक उरतं, करून बघा.

आणि कागदावर कोऱ्या कागदापेक्षा पांढरं काही नसतं, खऱ्या चमच्यातली चमक तर त्याच्या कितीतरी पुढे. मग ती वाटावी म्हणून शेजारचा भाग ६बी, ८बी या मऊ, गडद पेन्सिलींपर्यंत खाली न्यायचा आणि पांढऱ्याला काळं थेट भिडवायचं, मधे शेड उतरवत बसायचं नाही. मातीच्या भांड्यावर शेड हळूहळू उतरते, इथे ती तुटते, आणि या तुटण्यानेच डोळ्याला धातू वाटतो. (ग्राफाइट, म्हणजे साध्या पेन्सिलीचं शिसं, खूप दाबलं की स्वतःच चमकायला लागतं आणि गडद जागा करड्या दिसतात, म्हणून तेवढ्यापुरती न चमकणारी कार्बन पेन्सिल घेतलीय, कदाचित तुम्हाला तोच काळा खटकला असेल.)

खरंच काळी पडलेली चांदी वेगळी दिसते. गंधकामुळे थर धरतो तो नक्षीच्या खाचांत बसतो, त्यात प्रतिबिंब नीट उमटत नाही, कडा मऊ असतात. माझ्या चमच्यात काळ्याच्या कडा ब्लेडने कापल्यासारख्या आहेत, झूम करून बघा.

फोटोचं म्हणाल तर चमचा समोर ठेवूनच काढलाय. त्यात त्रास एवढाच की डोकं जरा हललं की सगळी प्रतिबिंबं सरकतात, त्यामुळे आधी सगळ्या आकारांच्या कडा २एच या कडक, फिकट पेन्सिलीने हलक्या आखून घ्यायच्या आणि मग त्या आखणीवरच विश्वास ठेवायचा, चमचा काही का दाखवेना. फोटोत ही कटकट नाही, पण झगझगीत भाग जळून नुसता पांढरा होतो आणि त्याच्या आतले बारीक टोन जातात, मला तेच तर हवे होते. पुढच्या चित्राबरोबर त्याच जागेवरून काढलेला फोटोही टाकतो, मग भांडू.