मेकफाइल म्हणजे कमांडची यादी नव्हे

‘मेक’ हे कोडच्या फाइलींपासून प्रोग्राम बांधून देणारं टूल, आणि काय कशापासून बांधायचं हे त्याला सांगणारी फाइल म्हणजे मेकफाइल. त्याच्याविषयी प्रोग्रामरांच्या ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरत येतो. थोडक्यात असा: ‘मेक हे सत्तरच्या दशकातलं जुनाट प्रकरण. मेकफाइलीत शेवटी कमांडच असतात, त्याच एका शेल स्क्रिप्टमध्ये (ओळीने चालणाऱ्या कमांडच्या फाइलीत) टाका. आजची मशिनं वेगवान आहेत, दर वेळी सगळं कंपाइल केलं (कोडचं मशिनच्या भाषेत रूपांतर केलं) तरी काय बिघडतं? आणि टॅब की स्पेस यावरून अडणारं टूल आता वापरतंय कोण?’

मी रोज शेल स्क्रिप्ट लिहितो, त्यामुळे माझं भांडण स्क्रिप्टशी नाही.

‘मेकफाइलीत शेवटी कमांडच असतात.’ असतात, पण दुय्यम म्हणून. स्क्रिप्ट सांगते, आधी हे कर, मग ते. मेकफाइल सांगते, कोणती फाइल कशापासून बनते: प्रोग्राम ‘मेन.ओ’ आणि ‘गणित.ओ’पासून, ‘गणित.ओ’ ही ‘गणित.सी’ आणि ‘गणित.एच’पासून (.सी म्हणजे लिहिलेला कोड, .एच म्हणजे अनेक फाइलींना लागणाऱ्या घोषणांची हेडर फाइल, .ओ म्हणजे कंपाइल होऊन बनलेली ऑब्जेक्ट फाइल). क्रम मेक स्वतः लावतं. बनणारी फाइल अजून नसेल किंवा मूळ फाइल तिच्यापेक्षा नवी दिसली तरच त्या नात्याखालची कमांड चालते.

हे सुचलं कुठून, तेही ऐकण्यासारखं आहे. 1976 साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमनकडे स्टीव्ह जॉन्सन (भाषेचं व्याकरण ओळखणारे प्रोग्राम बनवणाऱ्या ‘याक’ टूलचा कर्ता) वैतागून आला. त्याची अख्खी सकाळ एका बिनचूक प्रोग्राममधला बग शोधण्यात गेली होती. बग आधीच दुरुस्त झाला होता, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच केली नव्हती. जुनी ऑब्जेक्ट फाइल निमूटपणे जोडली जात होती. म्हणजे मेकचा जन्म जुनं आणि नवं एकमेकांत मिसळू नये यासाठी झाला. वाचलेला वेळ हा वरचा फायदा.

आता ‘दर वेळी सगळं कंपाइल करा’. प्रामाणिकपणे सांगायचं तर, सगळं नव्याने बांधणारी स्क्रिप्ट नीट पार पडली तर शिळं काही जोडूच शकत नाही. या बाबतीत ती मेकपेक्षाही सुरक्षित. अडचण माणसाची आहे. माझ्या एका जुन्या कामात अशा स्क्रिप्टला चार मिनिटं लागत. दिवसातून वीसदा ती चालवायची, म्हणून मी लायब्ररीच्या ओळीपुढे # टाकला, म्हणजे ती ओळ चालणं बंद. दुसऱ्या दिवशी त्याच लायब्ररीतली एक हेडर फाइल बदलली आणि # विसरलो. पुढची अर्धी दुपार जॉन्सनच्या सकाळीसारखी गेली, फक्त मेकचा शोध लागल्यावर कित्येक वर्षांनी!

शिवाय स्क्रिप्ट चुकीवर आपण होऊन थांबत नाही. वर ‘सेट -ई’ (चूक होताच थांब) लिहिलं नसेल, तर कंपाइल फसल्यावरही पुढची ओळ चालते आणि कालचाच प्रोग्राम आज नव्या दिमाखात सुरू होतो. मेक मात्र कमांड फसली की तिथेच थांबतं. चार कोअरांवर एकाच वेळी काम हवं असेल तर ‘मेक -जे4’ पुरतं, अर्थात नाती नीट लिहिलेली असली तर. स्क्रिप्टमध्ये तेच & (कमांड मागे चालू ठेवून पुढे जा) आणि ‘वेट’ (मागची कामं संपेपर्यंत थांब) लावून करता येतं, पण नुसतं ‘वेट’ आधीचं कंपाइल फसलं तरी शून्यच (म्हणजे ‘सगळं ठीक’) परत करतं, म्हणजे ‘सेट -ई’लाही पत्ता लागत नाही. हे सगळं सांभाळत स्क्रिप्ट वाढवत नेली की आपण अर्धं मेकच पुन्हा लिहून बसतो, आणि तेही वाईट.

मेकफाइलीत कमांडची ओळ टॅबनेच सुरू करावी लागते, स्पेस चालत नाही. या टॅबबद्दल मी वाद घालणार नाही. ती चूकच. फेल्डमनने स्वतः सांगितलं आहे की ‘लेक्स’ (मजकुराचे शब्द-चिन्हं असे तुकडे पाडणारे प्रोग्राम बनवणारं टूल) नवं नवं वापरताना नियम गुंतले, तेव्हा ओळीच्या सुरुवातीला टॅब हा सोपा मार्ग त्याने काढला. पुढे डझनभर लोक ते वापरू लागले आणि त्यांना त्रास नको म्हणून तो तसाच राहिला. त्या बारा जणांपायी आपण सगळे! ग्नू मेकच्या (मेकच्या आज सर्वाधिक चालणाऱ्या रूपाच्या) 3.82 आवृत्तीपासून टॅबऐवजी दुसरं चिन्ह ठरवता येतं, पण मॅकवर येणारं मेक 3.81 आहे, तेव्हा एडिटरला टॅब शिकवणं बरं.

‘वापरतंय कोण?’ लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. सीमेक हे बांधणीच्या फाइली लिहून देणारं टूलसुद्धा युनिक्सवर मुळात मेकफाइलीच तयार करून देतं. ‘निन्जा’ हे मेकच्याच कामाचं नवं टूल वेगवान आहे, पण कल्पना तीच, नात्यांचा आलेख.

मजा अशी की मेकचे खरे दोष त्या मजकुरात नाहीतच. कंपाइलरचे पर्याय बदलले तर साधं मेक ढिम्म हलत नाही, कारण ते फक्त फाइलींच्या वेळा पाहतं. कर्नलवाल्यांनी त्यासाठी प्रत्येक ऑब्जेक्टमागे वापरलेली कमांड फाइलीत नोंदवून ठेवली आणि पुढच्या वेळी ती ताडून पाहायची सोय केली. हेडरचं नातं लिहायचं राहिलं तर मेकही शिळा माल देतं. म्हणून हेडरची ती यादी हाताने न लिहिता जीसीसी या कंपाइलरला ‘-एमएमडी’ हा पर्याय देऊन करून घ्यावी. फाइलीच्या नावात स्पेस असेल तर मात्र देवच तारो.

माझी वाटणी अशी: नाती मेकफाइलीत, कामाचे तपशील स्क्रिप्टमध्ये. मेकफाइलीतली प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये चालते, पहिल्या ओळीत ‘सीडी’ केलेलं (फोल्डर बदललेलं) दुसरीला ठाऊक नसतं. त्यामुळे कमांड तीन ओळींपलीकडे गेल्या की मी त्या उचलून स्क्रिप्टमध्ये टाकतो, वर ‘सेट -ई’ लिहितो आणि मेककडून ती स्क्रिप्ट बोलावतो. दोनच फाइलींचा प्रोग्राम असेल, तर दोन्हींची गरज नाही, कमांड हाताने मारावी.