दुर्मिळ रेकॉर्डिंगचे थोर संग्राहक कसे व्हावे

मैफलींचे व्हिडिओ जमवणे हा हल्ली छंद राहिलेला नाही, ते पद आहे. ग्रुपवर नुसते 'माझ्याकडे आहे' एवढे टाकायचे, की भलेभले 'सर, पाठवाल का?' म्हणून हात जोडून उभे. तुम्हालाही हे पद हवे असेल, तर पुढचे मार्गदर्शन मनावर घ्या. यातले बरेचसे मी परवाच्या मैफलीत माझ्या अगदी पुढे बसलेल्या एका गृहस्थांकडून शिकलो. त्यांचे नाव देत नाही. ग्रुपवर ते आपसूक कळेल.

जागा पहिल्या दोन रांगांतच धरा, आणि बैठक भारतीय असेल तर सोन्याहून पिवळे. मागच्याला सतरंजीवर सरकून सरकून किती सरकता येणार? दोन्ही हात डोक्याच्या वर, स्क्रीनचा उजेड पूर्ण. मागच्याला गायिका दिसत नसेल तर तुमच्या स्क्रीनवर दिसतेच आहे, तक्रार कसली? अमेरिकेत ग्रेटफुल डेड नावाच्या बँडने १९८४ साली रेकॉर्डिंग करणाऱ्या चाहत्यांना वेगळी जागाच करून दिली, तीही मागे, ध्वनियंत्रकाच्या पाठीशी. असली गावंढळ शिस्त आपल्याला काय कामाची? मागे बसून तुम्ही कुणाला दिसणार?

फोन उभाच धरा. गायिका, तबला, पेटी आणि दोन तंबोरे हे सगळे आडवे बसतात, हा त्यांचा दोष.

'कृपया मोबाइल बंद ठेवावेत' ही घोषणा मात्र आठवणीने रेकॉर्ड करा.

कायद्याची भीती कुणी घातली तर घाबरू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलावंताचा त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क असतो हे खरे, पण कलम ३९ खासगी वापरासाठी रेकॉर्डिंगची मुभा देते. खासगी म्हणजे आपण, आपली बायको आणि आपल्या चॅनेलचे समस्त सदस्य.

आता संग्रहातल्या मालाला नावे देण्याविषयी. जुन्या पिढीतली माणसे कॅसेटच्या आतल्या कागदावर बारीक अक्षरात तारीख, गाव, राग, बंदिश, साथीला कोण, पट्टी कुठली, सगळे लिहायची. नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस. मध्येच उलटावी लागली तर 'बाजू बदलताना थोडे गेले' हेसुद्धा कुणी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवायचे. वेडीच माणसे. तुम्ही 'दुर्मिळ' लिहा, पुढे तीन उद्गारचिन्हे आणि सुचेल ते साल टाका. कुमारजी, म्हणजे गायक कुमार गंधर्व, १२ जानेवारी १९९२ला गेले, तरी त्यांची १९९४ची मैफल माझ्याकडे आलेली आहे. 'सवाई, १९५०'सुद्धा आहे: सवाई गंधर्व गेले १९५२ला, त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला १९५३ला, आणि रेकॉर्डिंग त्याच्याही आधीचे. याला म्हणतात दुर्मिळ! भूप आणि देशकार या दोन रागांचे सूर तेच; त्यातला कुठला हा प्रश्न पडला तर 'राग मिश्र' लिहून मोकळे व्हा. टेप जोरात फिरून सूर वर चढला आणि काळी एक पट्टीचा गायक काळी तीनमध्ये गात असेल, तर 'तरुणपणीचा आवाज' म्हणावे.

प्रतवारी न ऐकताच करावी. ऐकून केली की मत बदलण्याचा धोका असतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे सफाई. मोबाइलचा माइक बनवलाय बोलण्यासाठी. एकसारखा, अखंड चालणारा आवाज त्याला पंख्याची घरघर वाटते आणि तो दाबून टाकतो. मैफलीत एकसारखे, अखंड काय चालते? तंबोरा. म्हणजे ज्याच्या आधाराने सगळे गाणे उभे, तोच साफ. उरलेसुरले षड्ज-पंचम, म्हणजे तंबोऱ्याचे सा आणि प, 'नॉइज रिडक्शन'चे बटण दाबून धुऊन काढा. आवाजाची पातळी फोनलाच ठरवू द्या. तो खर्जातली हलकी कुजबुज वर उचलतो, तारसप्तकातली तान खाली दाबतो, सगळे कसे एका उंचीचे, लॉनवरच्या गवतासारखे! टाळी पडली की पुढचे चार सूर बुडतात, बुडू द्या. मग कात्री घ्या. आलाप? 'हळू होता म्हणून काढला', हे मला त्या गृहस्थांनी स्वतः सांगितले, हसत. उरलेल्या विलंबिताचे, म्हणजे संथ लयीतल्या गाण्याचे, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे करून स्टेटसला लावले. अहो, अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तनच, म्हणजे बारा मात्रांचा एक फेराच, जवळजवळ मिनिटभर चालते! अर्ध्या मिनिटात मुखडा (बंदिशीचा समेवर आणून सोडणारा बोल) तरी मिळेल नाहीतर सम (आवर्तनाची पहिली मात्रा) तरी मिळेल. त्यांच्याकडे ना हे ना ते. मी तासभर त्यांच्या कोपराआडून ऐकत होतो. बाईंनी एका ठिकाणी पंचमावर थांबून, बोल मोडून, शेवटच्या दोन मात्रांत मुखडा असा काही उचलला की शेजारचे आजोबा मांडीवर हात ठेवून तसेच राहिले. निदान एवढे तरी हाती लागेल म्हणून घरी आल्यावर फाइल मागितली. आली. मुखडा उचलला, सम येणार, आणि नेमक्या त्या क्षणी चित्र गर्रकन फिरले. स्क्रीनभर गृहस्थांचा स्वतःचा चेहरा, डोळे मिटलेले, मान डोलतेय, आणि समेच्या डोक्यावर त्यांचेच खणखणीत 'क्या बात है!' खाली, डाव्या कोपऱ्यात, त्यांच्या चॅनेलचा बिल्ला.

मी विचारले, सलग फाइल आहे का? म्हणाले, 'जागा होत नाही हो, मूळ उडवली.'

मूळ उडवली! ती मैफल परत होणार आहे का? आयोजकांनी रेकॉर्ड केलेली नाही, आकाशवाणी तिथे नव्हती, जे होते ते तुमच्या फोनमध्ये होते, आणि तुम्ही ते स्वतःचे थोबाड ठेवून बाकीचे पुसलेत. वर दुर्मिळाचे संग्राहक म्हणवून घेता. कॅसेटच्याही आधीच्या, स्पूल टेपरेकॉर्डरवाल्या माणसांनी पदरचे पैसे घालून, अवजड यंत्रे खांद्यावर वाहून जे जपले, त्यावर आपण आजवर शिकलो. तुमच्या खिशात त्याच्या शंभरपट सोय आहे आणि तुम्हाला तंबोरा राखता येत नाही.

गायिकेला आधी विचारा. नाही म्हणाली तर फोन खिशात. हो म्हणाली तर मागे भिंतीशी बसा, फोन आडवा करून कशाला तरी टेकवा, ती सगळी हुशार बटणे बंद करा आणि पहिल्या षड्जापासून शेवटच्या टाळीपर्यंत हात लावू नका. तारीख, गाव, साथीदार लिहा. माहीत नसेल तर तसे लिहा. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे वाटेत चेपत नाही. मूळ फाइल पुसू नका, जेवणाचे फोटो पुसा. आणि 'क्या बात है' म्हणायचेच असेल, तर बाईंकडे बघून म्हणा.