संग्रहालयं पुरेत, आता आपली सोसायटी डिझाइन करा

दर वर्षी बी.आर्क.च्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीच्या, प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की पुण्यातल्या माझ्या वर्गमित्रांमध्ये तोच वाद पेटतो: मुलांना आता या शाखेला पाठवावं का? नको म्हणणाऱ्यांकडे मुद्दे भरपूर असतात. पाच वर्षं आणि लाखोंची फी घालूनही सुरुवातीचा पगार हाती काही उरणार नाही इतकाच. कित्येक कॉलेजांत जागा रिकाम्या राहतात. सर्वोच्च न्यायालयाने 17 मार्च 2020 च्या निकालात 1972 च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टमधल्या 37 व्या कलमाचा अर्थ लावला: ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी नोंदणी नसलेल्याला लावता येणार नाही, पण ते काम करायला त्याला मनाई नाही. मग पाच वर्षं घासायची कशाला, असा प्रश्न येतो. आता त्यात एआयची भर पडली आहे. चार वाक्यं लिहिली की इमारतीचं देखणं चित्र मिनिटभरात समोर येतं, तर आर्किटेक्ट हवा कोणाला?

मी मूळची साताऱ्याची, पुण्यात शिकले आणि आता जर्मनीत फ्रायबुर्गमध्ये एका छोट्या ऑफिसात काम करते. जुन्या शाळा आणि वसाहती दुरुस्त करणं, त्यांवर मजले चढवणं, त्यांना नव्या वापराला आणणं, असं आमचं काम असतं. या वादात मला इथून जे दिसतं ते तिथल्या मित्रांना पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

आमच्याकडे इंटर्नशिपसाठी येणाऱ्या अर्जांत पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूरच्या मुलांचे अर्ज असतात आणि ते आधी माझ्याकडे येतात. पोर्टफोलिओ उघडला की काय दिसणार हे आता मला पाठ झालं आहे. दुसऱ्या वर्षी वीकेंड होम, तिसऱ्या वर्षी शाळा, चौथ्या वर्षी संग्रहालय किंवा सांस्कृतिक केंद्र, थिसिसला विमानतळ, क्रूझ टर्मिनल नाहीतर नदीकाठ. प्रत्येकाला संध्याकाळच्या केशरी उजेडातलं रेंडर, म्हणजे संगणकावर केलेलं इमारतीचं चित्र, काचेच्या भिंती, पुढे पाण्यात पडलेलं प्रतिबिंब. शेवटी सॉफ्टवेअरची यादी आणि प्रत्येकापुढे किती येतं ते दाखवणारे भरलेले ठिपके. मेहनत खरी असते. किती रात्री जागून ती शीट्स झाली असतील हे मला ठाऊक आहे. पण दोन सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणारी ड्रॉइंग्ज, पाहूनही इमारतीतलं पावसाचं पाणी कुठून उतरतं ते कळत नाही. शौचालयाचे पाइप कोणत्या डक्टमधून जातात, काचेची भिंत स्लॅबला कुठे धरली आहे, ती काच पुसायला माणूस कुठे उभा राहणार, हेही नाही.

जर्मनीत आर्किटेक्टच्या मोबदल्याची एक सरकारी नियमावली आहे. इमारतीचं काम ती नऊ टप्प्यांत वाटते आणि प्रत्येक टप्प्याला शंभरातला वाटा ठरवते. गरज समजून घेणं 2 टक्के, प्राथमिक आराखडा 7, डिझाइन पक्कं करणं 15. परवानगीचा अर्ज 3. बांधकामाची ड्रॉइंग्ज, म्हणजे आपण वर्किंग ड्रॉइंग म्हणतो ती, 25 टक्के. मग निविदांची तयारी 10, ठेकेदार ठरवणं 4, साइटवरची देखरेख 32 आणि काम संपल्यावर हमीच्या काळातलं लक्ष 2. युरोपीय न्यायालयाने जुलै 2019 मध्ये यातली किमान-कमाल दरांची सक्ती रद्द ठरवली, 2021 पासून दर फक्त मार्गदर्शक आहेत. टप्पे आणि वाटे मात्र तेच. हे आकडे मी आपल्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगते. डिझाइन पक्कं होईपर्यंतचं सगळं मिळून 24 टक्के. वर्किंग ड्रॉइंग आणि साइट मिळून 57. आपला पोर्टफोलिओ मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्या 24 टक्क्यांतच फिरतो.

एआयने जे खाल्लं तेही त्याच चोवीसमधलं, आणि त्यातलंही वरवरचं. जिन्याखाली मीटर बसवायची जागा निघते का, 1950 च्या दशकातला स्लॅब नवा मजला पेलेल का, शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात येणारा उजेड आपल्या भिंतीमुळे जाईल का, हे प्रश्न सोडवायला माणूस जागेवर जावा लागतो. हाताने काढायचं की कॅडवर, रेव्हिट हे सॉफ्टवेअर आधी शिकवायचं की नंतर, आता एआय ज्युरीत, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांपुढे, चालवून घ्यायचं का, यावर आपल्याकडे इतकी तोंडं उघडली आहेत. आणि बांधायचं कसं, हा विषय टाइमटेबलवर असूनही स्टुडिओत कोणी विचारत नाही. मला हे फार लागतं, कारण आपल्या मुलांना जी गोष्ट कॉलेजच्या फाटकाबाहेर फुकट मिळते ती इथल्या मुलांना मुद्दाम शोधावी लागते. जर्मनीत अनेक विद्यापीठं पहिल्या सत्राआधी काही आठवडे प्रत्यक्ष बांधकामावर काम केल्याचा दाखला मागतात. तिथे ती पोरं विटा उचलतात, सुताराच्या हाताखाली राहतात. पुण्यात हॉस्टेलवरून कॉलेजला चालत जाताना वाटेत दोन-तीन इमारती उभ्या राहत असतात. सेंटरिंगवाला, बार बेंडर, गवंडी, फरशीवाला, सगळे समोर. त्यांच्याशी बोलायला दुभाषाही लागत नाही.

कोल्हापूरकडच्या एका मुलीच्या पोर्टफोलिओने मला थांबवलं ते यामुळे. पहिली वीस-बावीस पानं नेहमीचीच होती. अगदी शेवटी, ‘इतर’ या मथळ्याखाली, टपाल तिकिटाएवढ्या चार चित्रांत तिने गावाकडच्या गुऱ्हाळाचं मेझर्ड ड्रॉइंग, म्हणजे जागेवर मापं घेऊन काढलेलं ड्रॉइंग, घुसवलं होतं. मी तिला मूळ शीट्स मागितली. चुलवाणाचा सेक्शन, आग जिथे ओढली जाते ते भुयार, धुराडं, वर काहील, काहिलीवरून उठणारी वाफ पत्र्याच्या दोन उतारांमधल्या फटीतून कशी बाहेर पडते त्याचे बाण. गुळव्या कुठे उभा राहतो, चिपाडं टाकणारा कुठे बसतो, दोघांना एकमेकांचा आवाज कसा पोहोचतो, तेही काढलेलं. पत्र्याला मध्ये आधार दिलेला वासा नंतर घातला आहे, कारण आधीचा उष्णतेने वाकला होता, अशी बारीक अक्षरात टीप. आमच्या ऑफिसातल्या वरिष्ठांना मराठी येत नाही आणि गूळ त्यांनी खाल्लेला नाही, पण ते ड्रॉइंग त्यांनी मला न विचारता वाचलं. मी तिला विचारलं की हे शेवटी का टाकलं. ती म्हणाली, “मॅडम, ते डिझाइन नाही ना. सर म्हणाले पोर्टफोलिओत प्रोजेक्ट ठेव, गावातलं कशाला.”

त्या एकट्या सरांवर मी राग काढणार नाही. ज्युरीला बाहेरून येणारे, मार्क देणारे, पुढे नोकरी देणारे, सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं आहे की मोठं, रिकाम्या प्लॉटवरचं आणि चमकणारं म्हणजे डिझाइन. पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावर मुलं बाळकृष्ण दोशींचं नाव प्रेरणा म्हणून लिहितात. दोशी पुण्याचे, जे.जे.त शिकलेले, आर्किटेक्चरमधलं मोठं पारितोषिक, 2018 चं प्रिट्झकर, मिळवलेले. पण ते 1951 ला पॅरिसला ल कॉर्ब्युझिए या आर्किटेक्टकडे गेले आणि तीन-चार वर्षांनी परतले ते अहमदाबादच्या साइटवर कॉर्ब्युझिएंची घरं बांधून घ्यायला. आयुष्याची उमेदीची वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या डिझाइनच्या देखरेखीत घातली, आणि पुढे इंदूरला अरण्य वसाहत केली. तिथे गरिबांना पूर्ण घर दिलं नाही. जोतं, पाणी आणि संडास-मोरीचा गाभा दिला आणि उरलेलं घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवायचं ठेवलं. 1995 साली तिला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. फ्रायबुर्गहून तासाभरावर वाइल आम राइन इथे 2019 मध्ये व्हिट्रा डिझाइन म्युझियमने दोशींच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं. तिथे अरण्यची चित्रं बघणाऱ्या जर्मन विद्यार्थ्यांचे प्रश्न आठवतात: माणसांनी खरंच तसं वाढवलं का, जिने कुठे घातले, भिंती कोणी बांधल्या. आता त्याच परिसरात दोशींची भारताबाहेरची पहिली वास्तू उभी आहे, त्यांच्या निधनानंतर 2025 मध्ये पूर्ण झालेली. प्रेरणा घ्यायचीच तर अरण्य वसाहतीतून घ्यावी.

आता परदेशाविषयी, कारण या मुलांच्या स्वप्नात ते असतंच. इथे येणाऱ्याने काही गोष्टी आधी डोळ्यांखालून घालाव्यात. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून दर सत्राला 1,500 युरो फी आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024 पासून त्याहून बरीच जास्त लावली. व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो बँकेत अडकवून दाखवायला लागतात. मास्टर्स इंग्रजीत होईल, पण नोकरी जर्मनमध्येच, कारण निविदा, नगरपालिकेची पत्रं, साइटवरची भांडणं सगळी जर्मनमध्ये चालतात. भाषा अर्धवट असेल तर वर्षानुवर्षं रेंडर आणि स्पर्धेची शीट्स करत बसावं लागतं, म्हणजे पुन्हा ते 24 टक्के. उपाधीचं रक्षण इथे घट्ट आहे: सोळा राज्यांत सोळा आर्किटेक्ट चेंबर, शिक्षणानंतर कामाचा अनुभव दाखवल्याशिवाय नोंदणी नाही, आणि परवानगीच्या अर्जावर सही करायचा अधिकारही मुख्यतः नोंदलेल्या आर्किटेक्ट आणि इंजिनिअरांनाच. हे आपल्याकडेही असावं असं मला मनापासून वाटतं. पण नुसत्या कायद्याने लोक आर्किटेक्टकडे येत नाहीत, आणि हे मला फ्रायबुर्गच्याच वोबान (Vauban) वसाहतीने शिकवलं.

1992 मध्ये फ्रेंच सैन्य निघून गेल्यावर तिथली छावणी शहराने घेतली. आज तिथे साडेपाच हजारांच्या आसपास लोक राहतात. त्यातल्या बऱ्याच इमारती बिल्डरने बांधलेल्या नाहीत. आठ-दहा, कधी वीस कुटुंबांनी एकत्र येऊन गट केला, जमीन घेतली, आर्किटेक्ट नेमला आणि आपापली घरं त्याच्याबरोबर बसून ठरवली. बैठका लांबतात, दोन कुटुंबं मध्येच सोडून जातात, खर्चावरून कुरबुरी होतात. तरी शेवटी जिन्याची रुंदी आणि सामायिक अंगण यावर राहणारेच बोललेले असतात. अशा गटांसाठी काम करणारे आर्किटेक्ट माझ्या ओळखीचे आहेत, आणि ‘तुमचा उपयोग काय’ असं त्यांना कोणी विचारत नाही.

याला समांतर गोष्ट आपल्याकडे आहे आणि तिचं नाव आहे स्वयंपुनर्विकास. राज्य सरकारने 13 सप्टेंबर 2019 ला त्याविषयी शासन निर्णय काढला. सोसायटीनेच आर्किटेक्ट नेमायचा, कर्ज काढायचं, ठेकेदार नेमून इमारत बांधून घ्यायची. बिल्डरकडून पुनर्विकास करायचा तरी सहकारी संस्था कायद्याच्या 79 अ कलमाखालच्या निर्देशांनुसार आधी आर्किटेक्ट किंवा प्रकल्प सल्लागाराकडून व्यवहार्यता अहवाल लागतोच. कोथरूडमधली माझ्या मावशीची चार मजली सोसायटी सध्या पुनर्विकासाच्या वाटेवर आहे. सभेत तीनच प्रश्न निघतात: कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं क्षेत्रफळ, किती वाढतं, कॉर्पस, म्हणजे हाती येणारी ठोक रक्कम, किती, भाडं किती. मावशीने विचारलं की आताची पश्चिमेची बाल्कनी गेली तर वाऱ्याचं काय, आणि बाराव्या मजल्यावर वाळवण कुठे घालायचं. उत्तर द्यायला सभेत कोणी नव्हतं. आर्किटेक्ट होते, पण ते एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) आणि टीडीआर (विकत घेता येणारा जादा बांधकामाचा हक्क) यांची बेरीज सांगायला आले होते.

पुण्या-मुंबईत येत्या वीस वर्षांत सामान्य माणसाच्या वाट्याला येणारी बहुतेक इमारत ही अशी असणार आहे: अरुंद प्लॉट, वर चढलेला एफएसआय, खाली पार्किंगचे चार मजले, मधल्या डक्टवर उघडणारी स्वयंपाकघरं. हा इतका अवघड डिझाइनचा प्रश्न आहे की चार संग्रहालयं त्यापुढे सोपी वाटावीत. तरी आपल्या कॉलेजांत तो ‘बिल्डरचं काम’ म्हणून बाजूला सारला जातो, आणि मग खरंच बिल्डरच तो करतो. पाचव्या वर्षाच्या मुलाने थिसिसला आपल्याच आई-वडिलांची सोसायटी घेतली, सभासदांशी बोलला, खर्चाचा ताळा मांडला, प्रत्येक घरात दुपारी दोन वाजता ऊन कुठे येतं ते काढलं, एका जिन्याचं आणि एका ओल्या भिंतीचं तपशीलवार ड्रॉइंग केलं, तर तो थिसिस मला आमच्या ऑफिसात उघडून बघायला आवडेल. आणि ज्याला परदेशी यायचंच नाही त्याच्याकडे तर पदवीआधीच पहिला अशील असेल. माझे मित्र म्हणतात, ज्युरीत याला मार्क मिळणार नाहीत. खरं आहे. पण ज्युरीत बसणारे आपणच आहोत.

वर्गमित्रांशी आणखी एका गोष्टीवर भांडायचं आहे, कारण त्यातले अनेक आता ऑफिसचे मालक आहेत. ट्रेनिंगच्या सत्रात मुलांना स्टायपेंड न देणं किंवा बसच्या पासपुरतं देणं हे अजून चालू आहे, आणि ‘आम्हीही असंच शिकलो’ हे त्याचं समर्थन. जर्मनीही इथे निर्दोष नाही. 2015 पासून किमान वेतन आहे, पण अभ्यासक्रमातली सक्तीची इंटर्नशिप त्यातून वगळलेली आहे. स्वेच्छेची असेल आणि तीन महिन्यांपलीकडे गेली तरच पूर्ण दर लागतो. तरी आमच्यासारखी लहान ऑफिसंही सक्तीच्या इंटर्नला काही तरी देतात, कारण नाहीतर फक्त आई-बापांच्या खिशावर राहू शकणारीच मुलं येतील. आपल्याकडेही तेच घडतं आहे. गुऱ्हाळ काढणाऱ्या त्या मुलीला पुण्यातल्या ऑफिसने बिनपगारी जागा देऊ केली. खोलीभाडं परवडेना म्हणून तिने ती सोडली.

म्हणून ऑफिस चालवणाऱ्या मित्रांना माझं सांगणं एवढंच: या सत्रात जो ट्रेनी घ्याल त्याला निदान खोलीभाडं निघेल इतका स्टायपेंड द्या. आणि रेंडर करायला बसवण्याआधी स्लॅब भरण्याच्या दिवशी पहाटेपासून त्याला साइटवर ठेवा, सळ्या मोजायला लावा, आणि जे पाहिलं ते दुसऱ्या दिवशी सेक्शनमध्ये काढायला सांगा.