भरती माग पुसते, पण कुठवर?

थंडीच्या सुट्ट्या लागल्या की दापोली-गुहागरच्या पुळणींवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यांवर, गाड्या उतरतात. कुणी त्यावर आक्षेप घेतला की एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: ‘पुळणीवर चार चाकं फिरली तर बिघडतं काय? भरती आली की माग पुसले जातात. कासवांची अंडी हॅचरीत (अंडी उबवायच्या राखीव जागेत) सुरक्षित असतात. कोळ्यांचे ट्रॅक्टर चालतात, मग आमचीच जीप का खुपते? किनारा सरकारी, म्हणजे सगळ्यांचा. अमेरिका-ऑस्ट्रेलियात किनाऱ्यावर गाडी चालवू देतात. आणि पर्यटक अडवले तर गावानं खायचं काय?’

वरवर वाचलं तर यातलं प्रत्येक वाक्य पटतं, म्हणून तर ते इतकं पुढे पाठवलं जातं. एकेक मुद्दा तपासून पाहू.

भरतीचा मुद्दा आधी. पाणी जिथवर चढतं तिथवरचेच माग पुसले जातात. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी मात्र अंडी घालायला मुद्दाम त्याच्या वर, कोरड्या वाळूत येते, कारण खारं पाणी शिरलं तर अंडी वाया जातात. मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी ती हातभर खोल खड्डा खणते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून बुजवते आणि समुद्रात परतते. पुढचे पन्नासेक दिवस ती अंडी तिथेच असतात. पुळणीवर गाडी उतरवायची तर हा कोरडा पट्टा ओलांडावाच लागतो. पाणी चढू लागलं किंवा चाक रुतलं की चालक गाडी वर, याच पट्ट्याकडे घेतो. तिथली वाळू चाकांनी दाबली गेली की खालच्या पिल्लांना वर येणं अवघड होतं, आणि तिथे भरती काहीच दुरुस्त करत नाही.

त्याच पट्ट्यात मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा पसरलेल्या असतात. उडती वाळू धरून ठेवायचं काम या वेलींचं आणि गवताचं. चाकाखाली त्यांची खोडं तुटली की मोकळी झालेली वाळू वारा उडवतो, मग पावसाळी उधाणात लाट सुरूच्या झाडांच्या मुळांशी येते. गाव ओरडतं, बंधारा मागतं, दगड येऊन पडतात. दगडांच्या बंधाऱ्यावर कासव चढू शकत नाही.

खेकड्यांबाबत ऑस्ट्रेलियात झालेला अभ्यास इथे सांगायला हवा. खोल बिळातले खेकडे गाडी वरून गेली तरी बहुधा वाचतात, उथळ बिळातले चिरडतात. पण हे खेकडे रात्री खायला वर येतात, त्यामुळे अंधारात फिरणारी गाडी सर्वांत घातक ठरते. सकाळी भरतीनं धुतलेल्या पुळणीवर याचा मागमूस दिसत नाही. माग पुसला जाणं आणि नुकसान भरून निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हॅचरीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. आपल्याकडे घरटी शोधून अंडी कुंपणातल्या हॅचरीत हलवतात. पण ती सापडतात कशी? पहाटे कासवमित्र, म्हणजे घरटी शोधून राखणारा कार्यकर्ता, पुळण पायी तुडवतो. त्याला शोधायची असते वाळूतली एक रुंद पट्टी: मधोमध पोट घासल्याची खूण आणि दोन्ही बाजूंना वल्ह्यांचे तिरपे फटकारे. समुद्राकडचा भाग पाण्यानं गेलेला असला तरी वरचा भाग शिल्लक असतो. त्या मागाच्या टोकाशी विसकटलेली वाळू दिसली की तो काठी हलकेच खुपसून बघतो. वाळू भुसभुशीत लागली की हातानं उकरायला घेतो. आदल्या रात्री त्याच पट्ट्यातून तीन-चार गाड्या गोल फिरल्या असतील तर त्याला दिसतात फक्त टायरच्या नक्ष्या. घरटं राहून जातं. मग ते कुत्र्या-कोल्ह्यांना सापडतं किंवा दुसऱ्या दिवशीच्या चाकाखाली जातं. म्हणजे ज्या हॅचरीच्या भरवशावर गाडी घालायची, तिच्यापर्यंत अंडी पोचण्याची वाट ती गाडीच बंद करते.

अंडी हॅचरीत पोचली तरी प्रश्न संपत नाही. पिल्लं मोकळ्या वाळूवर सोडतात आणि ती स्वतः चालत पाण्यात जातात. पिल्लाची लांबी जेमतेम ४ सेंटिमीटर. मऊ वाळूतली टायरची चाकोरी त्याहून खोल असू शकते. आत पडलेलं पिल्लू काठ चढायची धडपड करतं, मग चाकोरीतूनच समुद्राला समांतर चालत राहतं. वर कावळे आणि घारी टपलेल्या असतात. न सापडलेल्या घरट्यातली पिल्लं तर रात्री बाहेर येतात आणि क्षितिजावरच्या उजेडाकडे धावतात. त्या वेळी पुळणीवर हेडलाइट लागलेले असतील तर ती पाण्याकडे पाठ फिरवतात. अंडी घालायला वर येणारी मादीही उजेड-आवाजानं बिचकून तशीच परत जाते.

कोळ्यांच्या ट्रॅक्टरचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. पण होडी ओढायला आलेला ट्रॅक्टर ठरलेल्या वाटेनं येतो, काम झालं की जातो. तो वाळूत गोल फिरत नाही. त्याची वाट आखून द्यावी आणि घरटी त्या वाटेपासून लांब राहतील असं बघावं. मात्र पर्यटकांना फिरवणाऱ्या चारचाकी बाइक आणि पॅरासेलिंगच्या जीप स्थानिकांच्या आहेत म्हणून सोडून देता येणार नाहीत. नियम असेल तर त्यांनाही तोच.

‘सगळ्यांचा किनारा’ या शब्दांत वाळूत किल्ले करणारी मुलं येतात, मासळी वाळत घालणाऱ्या बायका येतात, संध्याकाळी फेरी मारणारे म्हातारे येतात. एका गाडीसाठी या सगळ्यांनी बाजूला व्हायचं, तर किनारा सगळ्यांचा कसा राहिला? कायद्याचं म्हणाल तर ऑलिव्ह रिडले १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं किंवा घरटं विस्कटणं याचा समावेश त्या कायद्यानं शिकारीतच केला आहे. गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी घालायलाच कायद्यानं बंदी आहे.

आता अमेरिका. १९७२ मध्येच राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला की संघराज्याच्या जमिनींवर ऑफ-रोड गाड्यांच्या वाटा आखताना माती, वन्यजीव आणि इतर लोकांना होणारा त्रास कमीत कमी राहिला पाहिजे. फ्लोरिडात डेटोना बीचवर गाडी नेता येते, हे खरं. पण १९९५ मध्ये तिथे खटला उभा राहिला आणि त्यात वादी म्हणून लॉगरहेड कासवाचं नाव होतं. न्यायालयानं रात्री गाड्या चालवायला मनाई केली. आज तिथे पैसे भरून, ठरलेल्या पट्ट्यात, ताशी १० मैलांच्या मर्यादेत, दिवसाउजेडी गाडी चालते आणि वाळूच्या टेकाडांलगतचा भाग बंद असतो. नॉर्थ कॅरोलिनात केप हॅटरासला २०१२ पासून सशुल्क परवाना लागतो, कासवांच्या हंगामात रात्री ९ नंतर गाडी नेता येत नाही, काही भाग तर वर्षभर फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. परदेशाचा दाखला द्यायचा तर या अटींसकट द्यावा.

पोटाचा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावानं कधीच सोडवून दाखवला आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये तिथे कासव संवर्धन सुरू केलं, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. लोक मुंबई-पुण्याहून येतात, गावातल्या घरात उतरतात, तिथलंच जेवतात आणि पिल्लं बघायला पुळणीवर पायी जातात. पुळणीवर गोल फिरून निघून जाणारी गाडी गावाला काय देते? रुतली तर ट्रॅक्टरनं ओढून काढायचे पैसे, तेवढेच.

गाडी हाकायची हौस मला समजते, आणि तिच्यासाठी जागा असाव्यात असंच माझं मत आहे. इगतपुरीजवळ ऑफ-रोड प्रशिक्षणासाठी खास आखलेला मार्ग आहे, तसे आणखी व्हावेत. पुळणींपुरती ग्रामपंचायतींकडे आणि वन खात्याकडे मागणी सोपी आहे: पुळणीकडे उतरणाऱ्या गल्ल्यांच्या तोंडाशी साखळी लावा आणि तिची किल्ली होड्यांच्या मालकांकडे द्या, वाहनतळ सुरूच्या बनाअलीकडे करा, आणि नोव्हेंबर ते मे सूर्यास्तानंतर एकही दिवा पुळणीवर येऊ देऊ नका.