‘थोडं थांबायला हवं होतं’ म्हणणाऱ्या हितचिंतकांना

स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेवर ऑपरेशन करायचं की नाही, हे मी कसं ठरवलं, ते मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘एक हितचिंतक’ या नावानं मोठी प्रतिक्रिया आली आहे. तिचा सारांश असा: लेखिका डॉक्टर नाही, तरी लोकांना ऑपरेशनकडे ढकलते, अशा ऑपरेशननं शुगर मागे लागते, मराठवाड्यातल्या लोकांना आधी दारू आणि तंबाखू सोडायला सांगा, आणि “बाईंनी घाबरून घाई केली, थोडं थांबल्या असत्या तर हे दुखणं आपोआप थंडावलं असतं.”

टीका करायला माझी कधीच ना नव्हती. इथले काही वाचक माझ्याशी कडाडून भांडतात आणि मी त्यांना तेवढ्याच मनापासून उत्तर देते. पण तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, माझ्याबद्दल बोललात. ‘बाईंनी’, ‘बाईंना’, जणू मी तिथं बसलेलीच नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातलं पोरगं मी फळ्यावर लिहिलेलं चूक आहे असं सांगतं तेव्हा माझ्याकडे बघून सांगतं. तेवढी अपेक्षा मोठ्या माणसाकडून ठेवली तर ती जास्त नाही. आणि दुसऱ्याच्या पोटातल्या कळेला ‘घाबरणं’ म्हणायचं असेल, तर निदान खाली स्वतःचं नाव तरी लिहावं.

ऑपरेशनचं माझं वर्णन अपुरं होतं, ही एक गोष्ट तुमची बरोबर आहे, ती मान्य करते. ‘नळी (स्वादुपिंडातून पाचक रस वाहून नेणारी) उघडून आतड्याला जोडतात’ एवढंच मी लिहिलं होतं. माझं ऑपरेशन फ्रे पद्धतीचं, म्हणजे 1987 मध्ये चार्ल्स फ्रे या अमेरिकन सर्जननी मांडलेलं. त्यात नळी लांबीनं उघडून लहान आतड्याला जोडतातच, शिवाय स्वादुपिंडाच्या डोक्याचा, म्हणजे त्याच्या रुंद टोकाचा, सुजलेला, खड्यांनी भरलेला भाग कोरून काढतात. मूळ लेखात ते आता घातलं आहे.

आता ‘थोडं थांबल्या असत्या’ याकडे वळते.

हे वाक्य मी तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकलेलं नाही. कॉलेजात असताना पहिल्यांदा पोटात वरच्या बाजूला कळ आली आणि ती आरपार पाठीत गेली, तेव्हा आजी म्हणाली, बेंबी सरकली असेल, चोळून घे, थांब दोन दिवस. तालुक्याच्या दवाखान्यात पित्त म्हणाले. सलाईन लावलं, दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, थोडं थांबा म्हणाले. पुढे दर वेळी तेच. सोनोग्राफीत खडे दिसेपर्यंत सगळे मला थांबा म्हणत होते, आणि मी थांबत होते. गुडघे छातीशी घेऊन, पोटाशी उशी दाबून, पुढे वाकून, रात्र रात्र. पंगतीत बसले की नुसती ताटाकडे बघायची, कारण तेलकट घास पोटात गेला की दोन-तीन तासांत कळ येणार हे ठरलेलं. वजन इतकं उतरलं की सासूबाईंनी माझ्या ब्लाउजला टिपा घालून दिल्या. यात घाई कुठे दिसली तुम्हाला?

त्यानंतरही मी लगेच ऑपरेशन टेबलावर गेले नाही. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसनं सिकंदराबाद गाठायचं, मग हैदराबादच्या दवाखान्यात. आधी बाहेरून लहरींनी खडे फोडले, मग ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, नळीत स्टेंट घातला, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक पोकळ नळी. काही महिने बरं वाटायचं. मग स्टेंट तुंबायचा, पुन्हा कळा, पुन्हा गाडी, पुन्हा नवा स्टेंट. ज्या डॉक्टरांनी स्टेंट घातले त्यांनीच एक दिवस एमआरसीपीचा, म्हणजे या नळ्यांच्या एमआरआयचा, फोटो समोर धरून सांगितलं की नळी चांगलीच फुगली आहे, स्वादुपिंडाच्या डोक्यात खडे अडकून आहेत, आता सर्जनला भेटा. माझा निर्णय तिथून सुरू झाला. तुम्ही लेख पूर्ण वाचला असता तर हे तुम्हाला दिसलं असतं.

‘आपोआप थंडावतं’ हे तुम्ही कुठून उचललं तेही मला ठाऊक आहे, कारण ऑपरेशनच्या आधी त्या आशेवर मीही बराच काळ काढला. 1984 मध्ये झुरिचच्या अमान आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की बहुतेक रुग्णांचं दुखणं काही वर्षांनी शमतं. पण कशाच्या बदल्यात? ग्रंथी कडक होत जाते, पाचक रस आटतात, शुगर वाढते, आणि त्याच्या बरोबरीनं दुखणं उतरतं, असं त्यांना दिसलं होतं. म्हणजे अवयव निकामी होईपर्यंत थांबायचं. आणि तेही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. जर्मनीत लँकिश यांनी 1993 मध्ये मांडलेल्या पाहणीत दहा वर्षं उलटून गेल्यावरही निम्म्याहून अधिक रुग्णांना दुखत होतं. त्या निम्म्यांत मी नसेन, याची हमी तुम्ही देणार होता का?

थांबण्याला किंमत असते, हे माझ्या लेखाचं म्हणणं होतं आणि ते मी पुन्हा लिहिते. वर्षानुवर्षं कळा सोसल्या की मेंदू आणि मज्जातंतूंना दुखण्याची सवय लागते. मग नळी मोकळी केली तरी दुखणं पूर्ण सुटत नाही. म्हणून उशिरा केलेल्या ऑपरेशनचा उपयोग कमी होऊ शकतो. नेदरलँड्समध्ये स्टेंट आणि ऑपरेशन यांची तुलना केली गेली. 2007 मध्ये 39 रुग्णांवरचा अभ्यास आला. दोन वर्षांच्या शेवटी ऑपरेशन झालेल्यांपैकी 75 टक्क्यांना पूर्ण किंवा बऱ्यापैकी आराम होता, स्टेंटच्या गटात 32 टक्क्यांना. 2020 मध्ये 88 रुग्णांचा दुसरा अभ्यास आला. त्यात लवकर ऑपरेशन केलेल्यांचं दुखणं दीड वर्षाच्या काळात कमी राहिलं, आणि त्यांच्यावर उपचारांची वेळही कमी वेळा आली. आकडे लहान आहेत, हे मला कळतं. तुम्ही मात्र एकही आकडा दिलेला नाही.

हेही लेखात होतं, तरी पुन्हा: नळी फुगलेली नसेल तर हे ऑपरेशन लागू पडेलच असं नाही. स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ दिसत असेल तर आधी कॅन्सर नाही ना, हे बघावंच लागतं. सगळ्यांनी पोट उघडून घ्या, असं मी कुठल्याही ओळीत लिहिलेलं नाही. असेल तर ती ओळ दाखवा.

राहिलं दारूचं. दारूनं आणि तंबाखूनं हा आजार होतो, वाढतो, आणि ती सोडलीच पाहिजे, यात वादच नाही. पण मी आयुष्यात घोटभर घेतलेली नाही. आपल्या देशात कारण न सापडणारे असे रुग्ण खूप आहेत, कित्येक जण विशीच्या आतले. काहींच्या जनुकांत दोष सापडतो. आमच्या गावात बायका माझ्या आईला आडून विचारायच्या, पोरीला काही सवय आहे का म्हणून. आईला ते फार लागलं होतं. तुमचं वाक्य वाचून मला त्या बायका आठवल्या, आणि पुढचं उत्तर लिहिताना माझा सूर चढला असेल तर तो त्यामुळे.

शुगरचं म्हणाल तर ती या आजारातच येते, ऑपरेशन न करताही. मी डॉक्टर नाही, हे लेखाच्या पहिल्या परिच्छेदातच होतं. खर्चाबद्दलच्या तुमच्या टोमण्याला उत्तर देत नाही. ज्याला गरज आहे त्यानं योजनेतल्या दवाखान्यात जाऊन आरोग्यमित्राला विचारावं, आपलं ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का.

आज मला अधूनमधून दुखतं. जेवताना एन्झाइमच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. पण दुखण्यासाठी इंजेक्शन घ्यायची वेळ ऑपरेशननंतर आलेली नाही, आणि मी दुपारचे तास उभी राहून घेते.

तुमच्या खालीच हिंगोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे की त्यांच्या मुलाचे स्टेंट पुन्हा पुन्हा बदलावे लागतात, तर आता काय करावं. ताई, वरची प्रतिक्रिया वाचून थांबू नका आणि माझा लेख वाचून ऑपरेशनही ठरवू नका. एमआरसीपी आणि सीटीचे रिपोर्ट, फोटोंसकट, घेऊन एकदा पोटाच्या सर्जनला भेटा. नळी किती मिलिमीटर आहे, खडे डोक्यात आहेत की शेपटीकडे, अजून स्टेंट घालून काय मिळणार आणि अशी ऑपरेशनं ते स्वतः नेहमी करतात का, हे त्यांना विचारा. पोरगा खात नसेल, वजन उतरत असेल, तर तेही सांगा. लिहून न्या, तिथं गेल्यावर विसरायला होतं.